ग्राहक ॲप वापरतात, पण बोलत नाहीत: अभिप्राय नेमका कुठे अडतो ते कसं शोधायचं

हे टिपण छोट्या दुकानदारांसाठीच्या बिलिंग आणि उधारीच्या ॲपना धरून लिहिलं आहे. किराणा, हार्डवेअर, मेडिकल, कापड, कुठलंही दुकान असो, ग्राहक गप्प राहण्याचा हा दोष सगळीकडे सारखाच दिसतो. तो पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी टीम एकच उपाय करते: आणखी एक सर्व्हे पाठवते. सर्व्हे हा उपाय क्वचितच असतो. खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून खर्चिक तपासण्यांपर्यंत जातो. मधली पायरी गाळून पुढे गेलात तर पैसे जातील आणि कारण सापडणार नाही.

लक्षणं

- रोज बिलं बनतात, पण सपोर्टकडे तेच ठराविक आठ-दहा ग्राहक येतात. बाकीच्यांचा आवाज नाही.
- सर्व्हेची उत्तरं 'छान', 'ठीक', 'चांगलं आहे' यापुढे जात नाहीत.
- प्ले स्टोअरवर ५ तारे किंवा १ तारा, मधलं जवळजवळ काही नाही.
- वर्गणी संपली की ग्राहक गुपचूप जातो. कारण विचारलं तर "सध्या गरज नाही".
- विक्रीची माणसं म्हणतात सगळे खूश आहेत, सपोर्टची माणसं म्हणतात सगळे वैतागलेत.

यातली दोन लक्षणं जरी दिसली तरी पुढे वाचा. फक्त शेवटचंच दिसत असेल तर दोष ग्राहकांकडे नाही. दोन्ही टीमना एका टेबलाशी बसवून एकाच आठवड्याच्या नोंदी वाचायला लावा, एवढं पुरतं.

पहिली तपासणी: तक्रार करायची वाट उघडी आहे का

खर्च शून्य, वेळ अर्धा तास. ऑफिसच्या चांगल्या फोनवर हे करू नका. दुकानदाराकडे असतो तसा साधा अँड्रॉइड फोन घ्या, त्याची भाषा मराठी करा, अक्षरं मोठी करा, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या. मग ॲपमधून खरीखुरी तक्रार पाठवून बघा. पुढच्या गोष्टी हमखास सापडतात.

गूगल फॉर्ममध्ये 'एकच उत्तर' ही मर्यादा लावलेली असते, त्यामुळे फॉर्म आधी गूगल खात्यात साइन इन करायला सांगतो. दुकानदाराला पासवर्ड आठवत नाही, तो परत फिरतो. फोटो जोडायची सोय ठेवली तरी तेच होतं. ईमेल सक्तीचा असतो आणि दुकानदार ईमेल वापरत नसतो. कीबोर्ड वर आला की 'पाठवा' हे बटण त्याच्याखाली जातं, मोठ्या अक्षरांच्या फोनवर तर ते दिसतच नाही. पाठवल्यावर पडद्यावर काहीच होत नाही, मग माणूस तीनदा दाबतो आणि सोडून देतो.

हेल्पलाइनवरही एक फोन लावा, दुपारी आणि रात्री आठनंतर. रात्री आठनंतर दुकानदाराला हिशोब जुळवताना अडचण येते आणि नेमका तेव्हा फोन उचलायला कोणी नसतं. व्हॉट्सॲप नंबर दिला असेल तर तो रोज कोण वाचतं त्या माणसाचं नाव विचारा. नाव सांगता आलं नाही तर नंबर कोणी वाचत नाही असं समजा.

ही तपासणी आधी करण्याचं कारण असं की वाट बंद असेल तर पुढच्या सगळ्या तपासण्यांचे आकडे खोटे येतात. ग्राहक गप्प आहे असं तुम्ही मानता, आणि तो बोलून दमलेला असतो.

दुसरी तपासणी: तुमचा निरोप पोचतो का

सर्व्हे 'पाच हजार जणांना पाठवला' या वाक्यात दम नाही. चार आकडे वेगळे लिहा: किती पाठवले, किती पोचले, किती उघडले, किती पूर्ण झाले. गळती कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर उपाय ठरतो.

नोटिफिकेशनपासून सुरुवात करा. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, नव्याने टाकलेल्या ॲपला नोटिफिकेशनसाठी परवानगी मागावी लागते. ग्राहकाने दोनदा नाकारली की सिस्टिम पुन्हा विचारू देत नाही, मग सेटिंगमध्ये जाऊनच ती चालू करावी लागते. ॲप पहिल्यांदा उघडल्या उघडल्या परवानगी मागितली तर बहुतेक जण नाकारतात, कारण कशासाठी ते अजून कळलेलं नसतं. पहिलं उधारीचं स्मरण लावताना मागा. काही फोन बॅटरी वाचवायला ॲप मागच्या मागे बंद करतात, तिथे परवानगी असूनही निरोप पोचत नाही. शिवाय नोटिफिकेशन पाठवणाऱ्या गूगलच्या फायरबेस सेवेवर २७० दिवस निष्क्रिय राहिलेलं अँड्रॉइडचं टोकन (फोनवरच्या ॲपचा पत्ता) बाद धरलं जातं. जुन्या यादीवर पाठवत असाल तर आधी ती यादी साफ करा.

एसएमएसचं गणित वेगळं आहे. देवनागरी मजकुराला एका एसएमएसमध्ये ७० खुणा मिळतात, इंग्रजीला १६०. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. सत्तरच्या वर गेलात की तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात ६७ च बसतात, आणि पैसे दर तुकड्याला लागतात. भारतात हेडर (पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारं नाव) आणि मजकुराचा साचा डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदवलेला असावा लागतो. पाठवलेला मजकूर साच्याशी जुळला नाही तर तो अडवला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून मजकुरातली लिंकही आधी नोंदवलेली लागते. लिंकमध्ये एक अक्षर बदललं आणि अख्खा सर्व्हे हवेत विरला, असं होतं.

आणखी एक चूक फार वेळा दिसते. 'हो असेल तर १ पाठवा' असा एसएमएस अक्षरी हेडरवरून जातो. त्या हेडरला उत्तर पाठवताच येत नाही. ग्राहक प्रयत्न करतो, 'पाठवता आलं नाही' असं दिसतं, संपलं. त्याऐवजी मिस्ड कॉल मागा:

'बिल छापताना अडचण येते का? मिस्ड कॉल द्या:' आणि पुढे दहा आकडी नंबर.

नंबरसकट या ५२ खुणा होतात, कंपनीच्या नावाला १८ उरतात. मिस्ड कॉल आला की त्याच दिवशी उलट फोन करायचा. माणूस नसेल तर हा एसएमएस पाठवूच नका. व्हॉट्सॲप बिझनेसवर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तास मोकळेपणाने बोलता येतं. त्यानंतर मंजूर साचाच चालतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आलेली तक्रार सोमवारी उघडायची सवय इथे महागात पडते.

थांबा कधी: साचे वारंवार नाकारले जात असतील किंवा पोचण्याचा आकडा एकाच टेलिकॉम कंपनीवर कोसळला असेल तर स्वतः उकरत बसू नका. एसएमएस सेवा देणाऱ्या तुमच्या विक्रेत्याला लॉग (पाठवलेल्या निरोपांच्या नोंदी) मागा, ते त्यांचं काम आहे.

तिसरी तपासणी: प्रश्नच चुकीचा आहे का

'हे ॲप मित्राला सुचवण्याची शक्यता ० ते १० मध्ये किती?' हा प्रश्न अमेरिकन व्यवस्थापन सल्लागार फ्रेड राइशहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडला आणि तो सगळ्यांनी उचलला. त्यात ९-१० म्हणजे पाठीराखे, ७-८ म्हणजे तटस्थ आणि ० ते ६ म्हणजे नाराज. आपल्याकडे दहापैकी गुण म्हटलं की शाळेचा निकाल डोळ्यांसमोर येतो. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. दुकानदार ६ देतो तेव्हा तो तुम्हाला पास करत असतो, आणि सूत्र त्याला नाराजांत टाकतं. उलट खरोखर वैतागलेला माणूस भिडेपोटी ८ देऊन मोकळा होतो. मराठी दुकानदारांसाठी या आकड्यावर कुठलाही निर्णय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. ठेवायचाच असेल तर फक्त आपल्याच मागच्या तिमाहीशी तुलना करायला ठेवा.

'ॲप कसं वाटतं?' आणि 'अमुक सोय दिली तर वापराल का?' हे दोन्ही प्रश्न काढून टाका. पहिल्याचं उत्तर 'छान', दुसऱ्याचं 'हो'. दोन्ही उत्तरं सभ्यपणाची आहेत. घडून गेलेल्या एका गोष्टीबद्दल विचारा: 'आज छापलेलं बिल नीट आलं का?' हो किंवा नाही, आणि 'नाही' दाबलं तर बोलून सांगायला माइकचं बटण. देवनागरी टाइप करायला अनेकांना जड जातं, बोलायला नाही.

वेळही बघा. बिल करताना मध्येच चौकट उघडली तर गिऱ्हाईक समोर उभं असतं, माणूस ती न वाचता बंद करतो. बिल पाठवून झाल्यावर किंवा रात्री दिवसाचा हिशोब बघताना विचारा. एका ग्राहकाला महिन्यातून एकाहून जास्त वेळा विचारू नका.

प्ले स्टोअरची रेटिंगची चौकट अभिप्रायासाठी वापरू नका. ती किती वेळा दिसेल हे गूगल ठरवतं, ग्राहकाने काय केलं ते ॲपला सांगत नाही, आणि तिच्या आधी 'आवडलं का?' असं विचारून खूश लोकांनाच पुढे पाठवायला गूगलची मनाई आहे. आयफोनवर ॲपलची तशीच चौकट ३६५ दिवसांत जास्तीत जास्त तीनदा दिसते. रेटिंगच्या बदल्यात रिचार्ज वगैरे देणं तर सरळ नियमभंग आहे.

चौथी तपासणी: उत्तरं देणारे कोण आहेत

इथपर्यंत आलात की उत्तरांची संख्या वाढलेली असते, आणि धोका इथेच सुरू होतो. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने मतचाचणीसाठी सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पाठवायची यादी एका बाजूला झुकलेली होती, आणि उत्तर देणारे व न देणारे यांची मतंही वेगळी होती. इतकी उत्तरं येऊनही ही चूक झाकली गेली नाही, मग चारशे उत्तरांनी काय होणार.

एक तक्ता करा. ग्राहकांचे चार गट: रोज वापरतात पण कधीच बोलले नाहीत, वापर गेल्या दोन महिन्यांत अर्ध्यावर आला, ॲप टाकलं पण दहा बिलंही केली नाहीत, वर्गणी संपवून गेले. प्रत्येक गटात एकूण किती आणि उत्तर दिलं किती, हे शेजारी शेजारी मांडा. बहुतेक तक्त्यांत सगळी उत्तरं पाचव्या, न लिहिलेल्या गटातून आलेली दिसतात: जे नेहमीच बोलतात ते. आपला पुढचा सगळा वेळ या चार गटांसाठी आहे.

हा तक्ता करताना अजून एक गोष्ट तपासा. नोंदणीतला नंबर कोणाचा आहे? पैसे भरतो तो मालक, बिल करतो तो गल्ल्यावरचा मुलगा. कित्येक ठिकाणी दुकान बाई चालवतात आणि नंबर नवऱ्याचा असतो. सर्व्हे वापर न करणाऱ्याकडे जातो आणि तो प्रामाणिकपणे 'काही अडचण नाही' म्हणतो.

पाचवी तपासणी: न बोलता दिलेली तक्रार

गप्प ग्राहक अडचणीतून आपली आपण पळवाट काढतो, आणि ती पळवाट नोंदींत उमटते. इथे वेळ घाला, कारण फोन करण्याआधी काय विचारायचं ते इथेच कळतं.

उदाहरण छपाईचं घेऊ. दुकानदाराकडे दोन इंची ब्लूटूथ थर्मल प्रिंटर असतो: कागद ५८ मिमी, छपाई ४८ मिमीत, एका ओळीत ३८४ ठिपके. यातल्या बहुतेक स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरीचा फाँटच नसतो. ॲपने मजकूर अक्षरं म्हणून पाठवला की 'तूरडाळ'च्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चित्रं उमटतात. उपाय माहीत असलेला आहे: ओळ चित्र म्हणून पाठवायची, थोडी सावकाश छापली जाते पण नीट येते. पण दुकानदार तक्रार करत नाही. तो मालाची नावं एकेक करून इंग्रजी अक्षरांत बदलतो. किंवा छापणं सोडून बिल व्हॉट्सॲपवर पाठवतो. किंवा नुसता एकूण आकडा सांगतो.

या तिन्ही गोष्टी नोंदींत दिसतात: मालाचं नाव देवनागरीतून रोमनमध्ये बदललं, छपाईचा आदेश गेला आणि एका मिनिटात तेच बिल पुन्हा छापलं, पूर्वी छापणाऱ्याचं छापणं थांबलं पण बिलं चालूच आहेत. अशा प्रत्येक खुणेसाठी एक साधी मोजणी लावा. बिल बनवून दोन मिनिटांत रद्द होणं, 'इतर' या एकाच नावाखाली दहा वस्तू विकल्या जाणं, सगळी बिलं रात्री नऊनंतर एकदम भरली जाणं, याही तशाच खुणा. शेवटची खूण सांगते की दिवसभर वही चालते आणि ॲप फक्त नक्कल आहे.

एक सावधगिरी. वापर उतरला म्हणजे नाराजीच असं नाही. दिवाळीनंतरचा मंदीचा पंधरवडा, लग्नसराई संपणं, गावची जत्रा, पेरणीचे दिवस, यांनी आकडे हलतात. मागच्या वर्षीच्या त्याच सणाच्या किंवा हंगामाच्या आठवड्याशी तुलना करा.

सहावी तपासणी: फोन

आता माणूस लागतो, म्हणून ही पायरी इतकी खाली. प्रत्येक गटातून पाच जणांना फोन करा, यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या. विक्रीवाल्याने सुचवलेली नावं घेऊ नका, ते ओळखीच्या आणि खूश लोकांचीच देतात. सकाळचं दुकान उघडणं आणि संध्याकाळी सहा ते नऊ टाळा. दुपारी दोन ते चार ठीक, पण जिथे दुकान दुपारी बंद ठेवायची पद्धत आहे तिथे ती झोपेची वेळ, तिथे सकाळी अकरानंतर करा. आठवडी बाजाराचा दिवस सोडा.

संभाषण साधारण असं चालावं:

"नमस्कार काका, तुमच्या बिलिंग ॲपकडून बोलतोय. काही विकायला फोन केलेला नाही. पाच मिनिटं आहेत, की नंतर करू?"
"बोला."
"काल शेवटचं बिल कशाचं केलंत, आठवतंय का?"
"काल नाय केलं. गर्दी होती."
"मग गर्दीत हिशोब कसा केलात?"
"वहीत. पोरगा असला की तो करतो मोबाइलवर."

दोन वाक्यांत दोन गोष्टी मिळाल्या: गर्दीत ॲप हळू पडतं, आणि खरा वापरणारा मुलगा आहे. आता मुलाशी बोलायची वेळ मागा, ॲपची माहिती द्यायला लागू नका. समजावणं सुरू झालं की समोरचा 'बरं बरं' म्हणायला लागतो आणि ऐकणं संपतं.

'चांगलं आहे हो, काही प्रॉब्लेम नाही' असं आलं तर 'नक्की ना?' विचारू नका. 'गेल्या आठवड्यात ॲप सोडून वहीत लिहायची वेळ कधी आली?' असं विचारा. या प्रश्नात नावं ठेवायला लागत नाहीत, फक्त आठवायला लागतं. उत्तर आलं की तीन-चार सेकंद गप्प राहा. कामाचं वाक्य बहुधा त्यानंतर येतं. दुकानदाराचे शब्द जसेच्या तसे लिहा, 'यूआय समस्या' असं भाषांतर करून ठेवू नका.

किती फोन पुरेत? तीस जणांशी बोललात आणि एकानेही एखादी अडचण सांगितली नाही, तरी ती दहा टक्के ग्राहकांना असू शकते. तीनला माणसांच्या संख्येने भागायचं, हा संख्याशास्त्रातला साधा नियम आहे. म्हणून फोनवरून अडचणी शोधा, त्यांचं प्रमाण काढू नका. प्रमाण पाचव्या तपासणीतल्या मोजण्यांवरून काढायचं.

वेळ दिल्याबद्दल छोटं रिचार्ज द्यायचं असेल तर सगळ्यांना सारखं द्या आणि बोलणं संपल्यावर सांगा.

सातवी तपासणी: दुकानात जाऊन उभं राहणं

सगळ्यात महाग, आणि फोनवर कारण उलगडलं नाही तरच. मालकाची परवानगी घ्या, गिऱ्हाइकांच्या आड येणार नाही अशा कोपऱ्यात तासभर उभे राहा, प्रश्न शेवटी विचारा. गल्ल्याशेजारची वही, कॅल्क्युलेटर, भिंतीवर चिकटवलेला भावफलक, काचेखाली ठेवलेली उधारीची चिठ्ठी बघा. यातली प्रत्येक वस्तू ॲपमध्ये नसलेलं किंवा सापडत नसलेलं काहीतरी करत असते. नोकर मालकासमोर बोलत नाही, त्याच्याशी वेगळं बोला आणि त्याचं नाव मालकापर्यंत जाऊ देऊ नका. वहीचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, त्यात इतरांची उधारी असते.

दोष परत का येतो

दुरुस्ती झाल्यावर सांगितलंच जात नाही म्हणून. ज्याने सांगितलं त्याला नावाने मेसेज गेला पाहिजे: 'मराठी नावं नीट छापत नव्हती असं तुम्ही सांगितलं होतं, आता येतात, छापून बघा.' करणार नसाल तर तेही सांगा. एकदा सांगून काहीच झालं नाही असा अनुभव आलेला दुकानदार पुढच्या वेळी बोलत नाही, आणि शेजारच्यालाही 'काही उपयोग नाही' म्हणून सांगतो. या कामासाठी एक माणूस ठरवून द्या आणि तीन महिन्यांनी पहिली तपासणी पुन्हा करा. नव्या व्हर्जनमध्ये 'पाठवा' बटण परत कीबोर्डखाली गेलेलं असतं.

स्वतः थांबून जाणकाराला कधी बोलवायचं

किंमत वाढवायची की नाही, एखादी सोय बंद करायची की नाही, असा मोठ्या पैशांचा निर्णय या उत्तरांवर टांगला असेल तर नमुना निवडायला संशोधन संस्था किंवा संख्याशास्त्रज्ञ घ्या. फोनवरच्या वीस उत्तरांवरून किंमत ठरवू नका.

फोन रेकॉर्ड करणार असाल, उधारीच्या नोंदी, औषधांची बिलं किंवा अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळणार असाल तर आधी वकील. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले, टप्प्याटप्प्याने अमलात येणारे नियम इथे लागू पडतात. संमती कशासाठी घेतो ते स्पष्ट सांगावं लागतं, आणि ती सूचना मराठीत वाचण्याचा पर्यायही द्यावा लागतो. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बिलासाठी घेतलेला नंबर सर्व्हेसाठी चालतो का, हे अंदाजाने ठरवू नका.

फोनवर एखाद्याने कर्जाचा तगादा, घरातली मारहाण किंवा जीव नकोसा झाल्याचं सांगितलं तर प्रश्नावली तिथेच बाजूला ठेवा, शांतपणे ऐका आणि त्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. जीवाला लगेच धोका दिसत असेल तर ११२ ला कळवा. फोन करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर हे दोन आकडे आधीपासून लिहून ठेवलेले असावेत.

आणि 'परत फोन करू नका' असं ज्याने सांगितलं त्याचा नंबर त्याच दिवशी सगळ्या याद्यांमधून काढा: विक्रीच्या, सपोर्टच्या आणि एसएमएस विक्रेत्याकडच्यासुद्धा.